साहेबांची नोंद लगेच येते

माझ्या आत्यावर अन्याय झाला. नवं राज्य झालं त्या जूनमधल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी साडेतीनला, हैदराबादेतल्या एका सरकारी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, सगळ्या विभागाच्या देखत. कुणी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. उलट चहा पाजला. आणि चहाचे कप उचलले जायच्या आत ठरवून टाकलं की ही बाई मंद आहे, हिला पुढे ठेवायची गरज नाही.

तिचं नाव इथे येणार नाही. ही तिचीच अट. "काय लिहायचं ते लिही, पण माझं नाव नक्को. लोकं काय लक्षात ठेवतील? मंद बाई. पुढचं कोण वाचतंय?" मी म्हटलं, पुढचं वाचायला लावीन. ती म्हणाली, "तुझी पत्रकं मिरचीच्या पुड्या बांधायला जातात, मी बघितलंय कोठीच्या बाजारात."

खरं आहे. ठेक्यावर काम करणाऱ्यांच्या समितीसाठी मी पत्रकं लिहायचे. कोठीच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणायचे आणि कार्यालयांच्या फाटकांवर वाटायचे. दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये मी संगणकाचा कोर्स केला होता, त्याची नोकरी काही लागली नव्हती. पत्रक कसं लिहायचं हे समितीतल्या एका जुन्या माणसाने शिकवलं: कुणावर अन्याय झाला ते पहिल्या ओळीत, वाचणाऱ्याने काय करायचं ते शेवटच्या ओळीत, आणि मधे रडायचं नाही. तसंच लिहितेय.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. काचीगुड्याला आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहायची. आमच्या घराला राज्यांच्या वाटण्या नव्या नाहीत. आजोबा जुन्या हैदराबाद राज्यात महसूल खात्यात होते. ते राज्य मोडलं तेव्हा भाऊबंद मराठवाड्याकडे गेले आणि आजोबा त्यांच्या फायलींपाशी इथेच राहिले. त्यांना निदान विचारलं होतं, कुठे जायचंय म्हणून. आत्याच्या वेळच्या वाटणीत ठेक्यावरच्या माणसाला काही विचारायची पद्धत नव्हती.

तिचं काम असं होतं. कर्मचाऱ्यांच्या सेवानोंदी संगणकावर होत्या: कोण कधी लागला, कुठे कुठे बदली झाली, मूळचा कुठला. राज्य दोन व्हायचं ठरलं तेव्हा प्रत्येक नोंद उघडून, तपासून, हा माणूस कुठल्या राज्याच्या वाट्याचा ते त्यात लिहायचं होतं. माणसांच्या आधी नोंदींचीच वाटणी झाली. अर्ध्या नोंदी कार्यालयातल्या नव्या सर्व्हरवर आणल्या. अर्ध्या जुन्या सर्व्हरवर राहिल्या, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत, आणि मधे एकच बारीक लाइन. त्या जुन्या नोंदी सगळ्यात किचकट. तीन-तीन बदल्या, दोन-दोन जन्मतारखा, एकाच गावाची चार स्पेलिंगं. त्या आत्याला दिल्या, कारण विभागात सगळ्यात जुनी आणि हुशार तीच. नव्या पोरींना नव्या सर्व्हरवरच्या सोप्या नोंदी दिल्या.

आता बघा काय व्हायचं. नव्या पोरींनी क्रमांक टाकला की नोंद समोर. आत्याने क्रमांक टाकला की पडदा तसाच. ती हात मांडीवर ठेवून बसायची. नोंद आली की भराभर काम उरकायची, सेव्ह करायची, पुढचा क्रमांक, आणि परत हात मांडीवर. संध्याकाळी कुणी किती नोंदी केल्या ते मोजायचे आणि दिवसाच्या तासांनी भागायचे. याला तिथे 'गती' म्हणत. वाटणीनंतर ठेक्यावरचे कोण राहणार आणि कोण जाणार, ते या गतीवर ठरणार होतं. आत्याची सगळ्यात कमी. तिच्याबद्दल शेरा आला तो असा: बसून राहतात, हात चालत नाहीत.

हात चालत नाहीत. ज्या बाईचं टायपिंग शेजारच्या खोलीत पाऊस पडल्यासारखं ऐकू यायचं, तिचे हात चालत नाहीत. हे कळलं तेव्हा घरी मी दोन वेळा पत्रक लिहिलं आणि फाडलं, कारण त्यात नुसती आग होती, पुरावा नव्हता.

पुरावा काढून दिला सर्व्हरवाल्या भाईंनी. हे जुन्या शहरातले, पन्नाशीचे, एका एजन्सीतर्फे तिथली यंत्रं सांभाळायचे. तेही ठेक्यावरच. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत आत्याने मला डबा घेऊन बोलावलं, आणि आम्ही तिघं तिच्या संगणकापुढे बसलो. आत्या वांग्याची भाजी वाढत होती. भाईंनी पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. आत्याच्या पडद्यामागे जो हुकूम चालतो, क्रमांक देऊन नोंद मागवायचा, तोच त्यांनी तिथे टाइप केला, आणि त्याच्या आधी एक शब्द लिहिला: टाइम. बस, एवढंच. हुकूम नेहमीसारखा चालतो आणि संपला की खाली तीन ओळींत हिशेब येतो.

पहिली ओळ रियल. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात गेलेला वेळ. दुसरी यूजर, म्हणजे तुमच्या कामासाठी संगणक प्रत्यक्ष राबला तो वेळ. तिसरी सिस, म्हणजे त्या कामासाठी आतल्या व्यवस्थेला, फाइल उघड, लाइन जोड, यात लागला तो वेळ. आमची नोंद आली. रियल पन्नास सेकंदांच्या वर. यूजर आणि सिस मिळून एक सेकंद पण नाही.

"देखो बेटा," भाई म्हणाले, "मशीन ने काम कित्ता किया? एक सेकंद बी नईं. बाकी का टाइम किदर गया?"

"वाट बघण्यात," मी म्हटलं.

"हौ. मशीन बी बैठी थी. हाथ गोद में लेको."

आत्या हसली. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. संगणकासारखी निर्जीव वस्तू, पण ती सुद्धा राबलेला वेळ वेगळा लिहिते आणि नुसता गेलेला वेळ वेगळा. इतका साधा न्याय तिच्यात बनवणाऱ्याने घालून ठेवलाय. आणि माणसांच्या कार्यालयात सगळा गेलेला वेळ उचलून एका बाईच्या नावावर टाकतात.

मी भाईंना म्हटलं, परत एकदा करा, खात्रीसाठी. त्यांनी तीच नोंद परत मागवली. या वेळी डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. माझं तोंड उतरलं.

"ऐसा मुँह नको बनाओ," भाई म्हणाले. "एक बार आई सो चीज को नवा सर्व्हर अपने पास रख लेता. दुबारा पूछे तो उदर जाताच नईं, जेब से निकाल के देता. नापना है तो हर बार नई नोंद लो, जो आज किसीने खोली नईं."

म्हणून मग आम्ही नव्या क्रमांकांवर मोजलं. आत्याच्या गठ्ठ्यातल्या आणखी काही नोंदी, प्रत्येक वेळी न उघडलेली. सगळीकडे तेच. एवढं झाल्यावर मी समितीच्या नावाने अर्ज दिला की गतीचा हिशेब चुकीचा आहे, विभागाच्या साहेबांनी समोर उभं राहून एकदा मोजून बघावं. साहेब हो म्हणाले. सोमवार दिला.

आदल्या संध्याकाळी मी आत्याला घरी तीनतीनदा सांगितलं.

"न उघडलेली काढायची."

"हौ."

"तुझ्या गठ्ठ्यातली. आज कुणी बघितली नाही अशी."

"समजलं गं. मला काय मशीन नवीन आहे? तू नक्को परेशान होऊ."

या विभागाची एक रीत मला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सकाळी संगणक चालू केले की पहिली नोंद साहेबांची काढायची. सगळं नीट चालतंय का बघायला कुठलीतरी नोंद काढायचीच असते, मग साहेबांच्या आधी दुसऱ्या कुणाची कशी काढणार? वरून कुणी पाहुणे आले, आमचा विभाग किती आधुनिक आहे ते दाखवायचं झालं, की परत साहेबांचीच. पाहुण्यांपुढे पडद्यावर साहेबांचं नाव, साहेबांचा फोटो, साहेबांच्या बढत्या. कुणी असा हुकूम काढला नव्हता. आपोआप ठरलं होतं, लग्नात पहिलं पान कुणाला वाढायचं ते ठरलेलं असतं तसं. साहेबांचा क्रमांक विभागात सगळ्यांना तोंडपाठ होता, स्वतःचा नसला तरी.

सोमवारी साहेब आले. वाईट माणूस नव्हता, हेच चीड आणणारं. नम्र, स्वच्छ शर्ट, सगळ्यांशी आप-जनाब. मला म्हणाले, "आप समिती से हैं? बैठिए, चाय लीजिए." आत्याला म्हणाले, "अम्मा, आप टेन्शन मत लो." सगळा विभाग खुर्च्या सोडून भोवती उभा राहिला. भाईंनी काळी खिडकी उघडली, टाइम हा शब्द लिहिला, पुढे हुकूम लिहिला, आणि क्रमांकाची जागा मोकळी ठेवून कीबोर्ड आत्याकडे सरकवला. ते आमचं ठरलेलं होतं, म्हणजे कुणी म्हणायला नको की भाईंनी काही लबाडी केली.

"कोई भी निकालो, अम्मा," साहेब म्हणाले.

आत्याने साडीचा पदर नीट केला. चष्मा नाकावर ढकलला. आणि साहेबांचा क्रमांक टाइप केला.

मी तो शेवटचा आकडा बघितला आणि तिचा हात धरायला पुढे झाले, तोवर तिने एंटर दाबलं होतं. नोंद आली. लगेच. साहेबांचा फोटो, साहेबांच्या बढत्या. खाली तीन ओळी: रियल एक सेकंदाच्या आत, बाकीच्या दोन त्याहून कमी.

"बहुत फास्ट है," साहेब म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

"ही नोंद चालणार नाही," मी म्हटलं. मग हिंदीतून सांगितलं की ही सकाळपासून उघडलेली आहे, ही नव्या सर्व्हरने जवळ ठेवलेली असते, जुन्या गठ्ठ्यातली एक काढू द्या, एका मिनिटाचा प्रश्न आहे.

"क्यों, मेरा रिकार्ड रिकार्ड नहीं है क्या?" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. कसं हसले ते मला आठवतंय: आधी साहेबांकडे बघून, मग.

"तुमची आहे म्हणूनच लवकर आली," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. साहेबांचा सहायक, हातात डायरी घेऊन उभा होता तो, म्हणाला, "मॅडम, थोडं बघून बोला." साहेबांनी हाताने त्याला थांबवलं. मोठ्या मनाने. मग घड्याळ बघितलं. त्यांची बैठक होती. "देखो बेटा, मशीन तो ठीक है. सबके सामने हो गया. अम्मा की उमर हो गई है, उसमें शरम की क्या बात है." आणि निघाले. मशीन ठीक आहे, म्हणजे दोष बाईत. गणित संपलं. सहायकाने डायरीत लिहून घेतलं: तपासणी झाली, यंत्रात दोष नाही.

साहेब जिन्यावरून उतरल्याचा आवाज बंद झाल्यावर भाईंनी कुणाला न विचारता जुन्या गठ्ठ्यातला एक क्रमांक टाकला. न उघडलेला. एंटर दाबलं आणि खुर्ची मागे घेतली.

पडदा थांबला. अख्खा विभाग उभा होता, कुणी जागेवर गेलं नाही. पंखा फिरत होता. एका पोरीने खोकून घेतलं. कुणीतरी चहाचा रिकामा कप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सहायक डायरी छातीशी धरून पडद्याकडे बघत होता. एवढी सगळी माणसं, तरुण, चपळ, गतीच्या यादीत वर असलेली, आणि सगळ्यांचे हात रिकामे. त्या पन्नास सेकंदांत तिथे कुणीच कुणाला मंद म्हटलं नाही.

नोंद आली. रियल पन्नासच्या वर. भाईंनी सहायकाकडे बघितलं. "लिखो सर."

"सर तर गेले," सहायक म्हणाला, आणि डायरी मिटली.

घरी जाताना आम्ही कोठीला उतरून उभ्या होतो, पुढच्या बसची वाट बघत. मी चिडून विचारलं.

"का केलंस?"

"साहेब समोर उभे होते."

"मग?"

"मग कुणाची काढू? तुझी?" आत्या म्हणाली. "ते समोर उभे, आणि मी त्यांच्यासमोर दुसऱ्याची काढू?"

"मी सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतंस. हात गेला."

बस आली, भरलेली होती, आम्ही सोडली. मग ती म्हणाली, "त्या मशीनला सुद्धा साहेब कोण ते कळतं. त्यांची नोंद खिशात ठेवून बसते. मग मला कळू नये?"

मला तिचा राग आला होता, तो त्या बसथांब्यावर संपला. ज्या जागेने तिला रोज सकाळी पहिली नोंद कुणाची काढायची ते शिकवलं, त्या जागेचा राग संपलेला नाही. वर्षानुवर्षं तिथल्या लोकांनी तिचे हात घडवले, आणि ऐन वेळी ते हात शिकवल्याप्रमाणे वागले तर त्यांनीच त्याचा पुरावा केला, तिच्याविरुद्ध.

आत्याला काढलं. कागदावर 'काढलं' असं नव्हतं, 'वाटणीनंतरच्या गरजेत बसत नाही' असं काहीसं होतं. मी परत अर्ज दिला, तिसऱ्यांदा दिला तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणाला की आता अर्ज कुठल्या राज्याला करायचा ते आधी ठरवून या. नंतर काही महिन्यांनी जुन्या सर्व्हरवरच्या उरलेल्या नोंदीही नव्यावर आणल्या. आत्याच्या जागी आलेल्या पोरीची गती अर्थातच दुप्पट-तिप्पट निघाली. आणि ही तुलना, भाईंनी मला फोन करून सांगितलं, साहेबांनी बैठकीत दाखवली: बघा, माणूस बदलला आणि काम किती वाढलं. त्या पोरीचा काही दोष नाही. ती हुशारच असेल. पण तिच्या हुशारीचा तक्ता माझ्या आत्याच्या मंदपणाचा पुरावा म्हणून भिंतीवर लागला, आणि दोन सर्व्हरच्या मधली ती बारीक लाइन आता वाटेत राहिलीच नव्हती, हे कुणी बोललं नाही.

आत्या आता कोठीतल्या एका दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, पेशंटची नावं संगणकात घालते. गेल्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले. तिथेही पडदा मधेच थांबतो. तो थांबला, आणि मी तिचे हात बघितले. आता ते मांडीवर नव्हते. नोंद येईपर्यंत ती कीबोर्डवर उगाचच बोटं चालवत होती, काही उमटत नव्हतं, पण आवाज येत होता. आतल्या खोलीत डॉक्टर होते. त्यांना तो आवाज ऐकू जात होता.

"काय टाइप करतेस?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "हात चालतात की नाही ते दाखवते."

तर आता तुम्ही. हे वाचणाऱ्यांत कुणी अधिकारी असेल, कुणी हेडक्लार्क, कुणी एजन्सीचा सुपरवायझर. आज ना उद्या तुमच्यापुढे सहीला एक कागद येणार आहे, त्यात कुणाला तरी मंद म्हटलेलं असणार आहे. सही करण्याआधी उठा आणि त्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसा. त्याच्याच गठ्ठ्यातली, आज कुणी न उघडलेली नोंद मागवा. साहेबांची नको, तुमची नको. एंटर दाबा, आणि ती येईपर्यंत हात मांडीवर ठेवून, सगळ्यांच्या देखत, बसा. मग सही करायची का ते ठरवा.

आणि त्या सोमवारी त्या पंख्याखाली उभे असलेल्यांपैकी जर कुणी हे वाचत असेल, तर तुमच्याकडून मला सहानुभूती नको, एक ओळ हवी आहे, तुमच्या हाताने लिहिलेली, खाली सही केलेली: साहेब गेल्यावर दुसरी नोंद काढली, ती यायला किती वेळ लागला ते मी पाहिलं. लिहा.